मत द्यायची मुभा

डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच साक्षीदाराने सांगायचं, हा पुराव्याच्या कायद्यातला पहिला धडा. ट्रक चुकीच्या बाजूने आला, हे सांगता येतं. ‘चूक ट्रकवाल्याचीच असणार असं मला वाटतं’ म्हटलं की समोरचा वकील हरकत घ्यायला उभा राहतो. वाटायचं काम न्यायाधीशांचं. या नियमातून मुख्यतः एका जातीचा साक्षीदार सुटतो. अपघात झाला तेव्हा हाडांचे डॉक्टर रस्त्यावर नव्हते. ट्रक त्यांनी पाहिला नाही, ब्रेक ऐकला नाही. तरी दोन वर्षांनी ते पिंजऱ्यात येतात, एक्स-रे उजेडासमोर धरतात आणि सांगतात की या माणसाच्या डाव्या पायाला 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं आहे. हे शुद्ध मत आहे, आणि त्याच मतावर पुढच्या तीस वर्षांच्या भरपाईचं गणित उभं राहतं.

ही सूट फार जुनी नाही. तिला ठाम रूप आलं ते 1782 मध्ये, आणि तेही गाळाने भरलेल्या एका बंदरावरून.

त्याआधी कोर्टाला जाणकार माणसं लागत नव्हती असं नाही. त्यांना बसवायची जागा वेगळी होती. चौदाव्या शतकातल्या लंडनमध्ये कुणी खराब अन्न विकल्याचा आरोप आला तर आचारी आणि मासळीविक्रेते यांचीच ज्युरी बसवत. जाणकार तिथे साक्ष देत नसत, निकालच देत. दुसरी रीत होती न्यायाधीशांनी स्वतः जाणकाराला विचारायची. 1554 च्या एका खटल्यात न्यायमूर्ती साँडर्स यांनी म्हणून ठेवलं आहे की कायद्याबाहेरच्या विद्येचा प्रश्न आला तर आम्ही त्या विद्येतल्या लोकांची मदत घेतो. दोन्ही रीतींत जाणकार कोर्टाचा असे. वादीचा किंवा प्रतिवादीचा नसे.

गाळाने भरलेलं ते बंदर म्हणजे वेल्स, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं. तिथे एका जमीनदाराने खाजणात बांध घालून जमीन लागवडीखाली आणली. आपल्या कोकणात खारबंधारे घालतात, तसंच. पुढे बंदरात गाळ साठू लागला आणि जहाजांना आत येणं अवघड होऊ लागलं. बंदराचा कारभार पाहणाऱ्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. पूर्वी भरतीचं पाणी खाजणभर पसरायचं आणि ओहोटीला जोराने परतताना गाळ ओढून न्यायचं. बांधाने पाणी अडवलं आणि ओहोटीचा जोर गेला, असं त्यांचं म्हणणं. बांध तोडायची वेळ आली तेव्हा जमिनीचे मालक सर मार्टिन फोक्स कोर्टात गेले.

फोक्स यांच्या बाजूने उभे राहिले जॉन स्मीटन. एडिस्टनच्या खडकावरचा दीपस्तंभ 1759 मध्ये उभारणारे, बंदरं आणि कालवे बांधण्यात हयात घालवलेले इंजिनिअर. बंदर भरायला बांध कारण नाही, असं ते सांगू लागले. हरकत आली: हे यांनी पाहिलेलं नाही, हे यांचं मत आहे. खालच्या न्यायाधीशांनी हरकत मान्य करून स्मीटन यांची साक्ष बाहेर ठेवली.

प्रकरण वरच्या कोर्टात, न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे आलं. त्यांनी साक्ष आत घेतली, फेरसुनावणीचा हुकूम दिला आणि कारणही सांगितलं. बांध कुठे आहे, भरती-ओहोटी कशी येते, वारा कुठून वाहतो, वाळू कशी सरकते या गोष्टींवर दोन्ही बाजूंचा वाद नाही. या सर्वमान्य गोष्टींवरून बिघाड निसर्गाने झाला की माणसाने केला, हे ज्याला काढता येतं, त्याचं मत ऐकायलाच हवं. स्मीटन यांनी काय निष्कर्ष काढला होता तेही मॅन्सफिल्ड यांनी नोंदवलं. गणिताने पाहिलं तर बांधाचाही थोडा हातभार असू शकेल, पण जाणवण्याइतका नाही. आपल्याला बोलावणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा कणही या माणसाने लपवला नव्हता.

मॅन्सफिल्ड यांनी दिलेल्या मुभेला एक अट आतून शिवलेली होती. मत कुठल्या गोष्टींवर उभं आहे त्या उघड असाव्यात, आणि तिथून मतापर्यंतची वाट दुसऱ्याला चालून पाहता यावी. मुभा सगळ्यांनी लगेच उचलली. अट मात्र विसरली गेली, आणि नंतरच्या अडीचशे वर्षांतले या विषयावरचे बहुतेक नियम म्हणजे त्या अटीची थकलेली वसुली आहे.

विसर पडायला कारण होतं. स्मीटन कोर्टाने बोलावलेले नव्हते, एका पक्षाने आणलेले होते. तोच शिरस्ता पडला. एकोणिसाव्या शतकात गॅस कंपन्या, कालवे, पेटंट आणि विष यांचे खटले वाढले आणि दोन्ही बाजूंनी जाणकार उभे राहू लागले. 1843 मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांनी वैतागून म्हटलं की शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या या साक्षीदारांच्या बोलण्याला फारसं वजन देण्यात अर्थ नाही, ते मनाचा कल घेऊनच येतात. 1870 च्या दशकात न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. पक्षकार सहा जाणकारांकडे जातो, तिघे विरुद्ध बोलले तर त्यांना घरी पाठवतो आणि सोयीचे तिघे कोर्टात आणतो. एका प्रकरणात हवं तसं बोलणारा मिळेपर्यंत 68 जणांना विचारलं गेल्याचं त्यांच्या कानावर होतं. उरलेल्या 67 जणांचं म्हणणं न्यायाधीशांपर्यंत कधी पोहोचतच नाही.

शारीरिक इजेच्या दाव्यांत हा गोंधळ शिगेला नेला तो रेल्वेने. गाड्यांच्या टकरी होत, प्रवासी हातपाय झाडून उठत, स्वतःच्या पायांनी घरी जात, आणि काही दिवसांनी पाठ धरे, झोप उडे, हात थरथरत, हिशेब जमेनासा होई. अंगावर ओरखडाही नसे. लंडनचे सर्जन जॉन एरिक्सन यांनी 1866 मध्ये व्याख्यानांचं पुस्तक काढून सांगितलं की धक्क्याने मज्जारज्जूला इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. दावेदारांच्या वकिलांच्या हाती पोथीच आली. 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी उलट पुस्तक लिहिलं. मज्जारज्जूला काही झालेलं नाही, ही लक्षणं भीतीची आणि मनाला बसलेल्या धक्क्याची आहेत, असा त्यांचा सिद्धांत. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन होते. नोकरीमुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. मनाच्या आघाताचा नंतर जो अभ्यास झाला त्यात त्यांच्या पुस्तकाला मानाचं स्थान आहे. पण ज्युरीत बसलेल्या वाण्याने आणि शेतकऱ्याने दोन नामवंत सर्जनांपैकी खरा कोण, हे कशावरून ठरवायचं?

लर्नेड हँड हे पुढे अमेरिकेतले गाजलेले न्यायाधीश झाले. 1901 मध्ये, तरुण वकील असताना, त्यांनी हा पेच एका लेखात मांडला. ज्युरीला विषय कळत नाही म्हणून तज्ज्ञ बोलवायचा. दोन तज्ज्ञ परस्परविरुद्ध बोलले की त्यांतला बरोबर कोण हे ज्युरीनेच ठरवायचं. आणि ते ठरवण्याची कुवत नाही म्हणून तर तज्ज्ञ बोलावलेला. पक्षांचे तज्ज्ञ सोडून कोर्टाला सल्ला देणारं जाणकारांचं मंडळ नेमावं, असा तोडगा हँड यांनी सुचवला. तो कुणी घेतला नाही.

अमेरिकेने दुसरा मार्ग धरला: दारावर पहारा. 1923 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला रक्तदाब मोजून खोटं पकडणाऱ्या चाचणीचा पुरावा द्यायचा होता. चाचणी शोधणारे विल्यम मार्स्टन पुढे वंडर वूमन या चित्रकथेतल्या नायिकेचे जनक म्हणून नावाजले. कोर्टाने जेमतेम दोन पानांच्या निकालात पुरावा नाकारला आणि एक कसोटी घातली: ज्या शास्त्रावर मत उभं आहे ते त्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य झालेलं असलं पाहिजे. फ्राय कसोटी या नावाने ती सत्तर वर्षं चालली. न्यायाधीशांना सोपी पडली, कारण शास्त्र समजून घ्यायची गरज नाही, शास्त्रज्ञांचा कौल विचारला की झालं. कारणांची वाट कुणी तपासायची, हा प्रश्न तिने दुसऱ्याच्या अंगणात ढकलला.

तो परत कोर्टाच्या अंगणात आला 1993 मध्ये, आणि आला इजेच्या दाव्यातूनच. कॅलिफोर्नियातली दोन मुलं हातापायांत जन्मजात व्यंग घेऊन जन्मली होती. दोघांच्या आयांनी गरोदरपणी उलट्या थांबवण्यासाठी बेंडेक्टिन नावाची गोळी घेतली होती. कंपनीच्या तज्ज्ञाने सांगितलं की 30 हून अधिक प्रसिद्ध अभ्यास आणि सुमारे 1,30,000 रुग्ण तपासले, एकाही अभ्यासात गोळीमुळे व्यंग येतं असं दिसलं नाही. मुलांच्या बाजूने आठ तज्ज्ञ होते. त्यांनी प्राण्यांवरचे प्रयोग, रासायनिक रचनेतलं साम्य आणि जुन्याच आकडेवारीची नवी मांडणी पुढे केली. खालच्या कोर्टांनी फ्राय कसोटी लावून त्यांना दारातच अडवलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलं की 1975 पासून लागू झालेल्या पुरावा नियमांनंतर फ्राय कसोटी उरलेली नाही. आता न्यायाधीशाने स्वतः राखणदार व्हावं आणि पद्धत तपासावी. सिद्धांताची परीक्षा घेता येते का? तो इतर तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला आहे का? चुकीचं प्रमाण किती? काम करण्याचे काही ठरलेले दंडक आहेत का? क्षेत्रात मान्यता आहे का? डॉबर्ट कसोटी ती हीच. दोन न्यायमूर्तींना चिंता वाटली की यातून न्यायाधीश हौशी शास्त्रज्ञ बनतील. प्रकरण खाली परत गेलं आणि 1995 मध्ये मुलं पुन्हा हरली. नव्या कसोटीलाही त्यांचे तज्ज्ञ उतरले नाहीत. बेंडेक्टिन दाव्यांच्या ओझ्याने 1983 मध्येच बाजारातून निघाली होती. त्याच दोन घटकांची गोळी 2013 मध्ये नव्या नावाने अमेरिकेत परत आली.

कसोटीची धार खरी दिसली ती 1999 मध्ये, एका टायरच्या खटल्यात. 1993 च्या जुलैमध्ये अलाबामात एका मिनीव्हॅनचं मागचं टायर फुटलं, एक प्रवासी दगावला, बाकीचे जबर जखमी झाले. दावेदारांचा तज्ज्ञ टायरधंद्यात मुरलेला इंजिनिअर होता. टायर गैरवापराने फुटलं असेल तर त्यावर चार खुणा दिसतात, त्यांतल्या दोन तरी नसतील तर दोष बनावटीचा, हे त्याचं सूत्र. हे टायर काही ठिकाणी गुळगुळीत झालेलं, पंक्चर नीट न काढलेलं. चारही खुणा थोड्याथोड्या दिसत होत्या. तज्ज्ञ म्हणाला, पुरेशा नाहीत. पुरेशा म्हणजे किती, ते ठरलं होतं त्याच्या डोळ्यांनी आणि बोटांनी. टायर दहा हजार मैल चाललं की पन्नास हजार, हे विचारल्यावर त्याला सांगता आलं नाही. जबानीच्या दिवसापर्यंत त्याने ते टायर प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं, फोटोंवरून मत बनवलं होतं. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिलं की डॉबर्टची तपासणी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांपुरती नाही, अनुभवावर बोलणाऱ्या कारागिरालाही ती लागू आहे. त्याआधी 1997 च्या एका निकालात याच न्यायालयाने बजावलं होतं की माहिती आणि मत यांना जोडणारा दुवा तज्ज्ञाचं ‘मी म्हणतो म्हणून’ एवढाच असेल, तर ते मत घ्यायला कोर्ट बांधलेलं नाही. हे सगळं 2000 मध्ये नियम 702 मध्ये लिहिलं गेलं. तरीही काही न्यायाधीश सैल सोडतात असं दिसल्यावर डिसेंबर 2023 पासून तो नियम आणखी आवळला: मत विश्वासार्ह असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, हे तज्ज्ञ आणणाऱ्यानेच दाखवायचं.

इंग्लंडने दारावर पहारा न बसवता तज्ज्ञालाच शपथेत बांधलं. 1993 मध्ये एका जळालेल्या जहाजाच्या विम्याच्या खटल्यात न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी तज्ज्ञाच्या कर्तव्यांची यादी केली. मत स्वतःचं असावं, वकिलाने घडवलेलं नसावं. विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी गाळू नयेत. माहिती अपुरी असेल तर तसं सांगावं. लॉर्ड वुल्फ यांच्या 1996 च्या अहवालानंतर एप्रिल 1999 पासून दिवाणी प्रक्रियेचे नवे नियम आले, आणि त्यांतल्या 35 व्या भागाने लिहून ठेवलं की तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी, पैसे देणाऱ्याशी नंतर. दोन्ही बाजूंना मिळून एकच तज्ज्ञ नेमायची सोय झाली. दोन तज्ज्ञ असतील तर त्यांनी सुनावणीआधी बोलून कुठे पटतं, कुठे पटत नाही ते सही करून द्यायचं. 2011 मध्ये शेवटचं कवचही गेलं. मोटरसायकलवर असताना जखमी झालेल्या एका माणसाच्या दाव्यात त्याच्याच बाजूच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दुसऱ्या तज्ज्ञाने तयार केलेल्या संयुक्त निवेदनावर सही केली. त्यात आपल्याच आधीच्या मताच्या उलट मजकूर होता. दावा कमी रकमेवर मिटवावा लागला. त्या माणसाने तज्ज्ञावरच दावा लावला आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालू दिला. साक्षीतल्या निष्काळजीपणाबद्दल आपल्याच तज्ज्ञावर दावा लावता येत नाही, हे चारशे वर्षांचं संरक्षण संपलं.

हिंदुस्थानात ही वंशावळ आली ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या लेखणीतून. त्यांनी रचलेल्या 1872 च्या पुरावा कायद्यातलं 45 वं कलम तज्ज्ञांच्या मताचं. 46 व्या कलमाखाली दोन उदाहरणं आहेत, एक विषबाधेचं आणि दुसरं असं: एका बंदरातला अडथळा अमुक समुद्री भिंतीमुळे झाला का, हा प्रश्न आहे, तशीच ठेवण असलेली पण भिंत नसलेली दुसरी बंदरंही त्याच सुमारास भरू लागली, ही गोष्ट सुसंगत आहे. हे वेल्सच. तिथेही शेजारच्या बंदरांचा दाखला वादात होता. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलमांचे आकडे बदलले, बंदर मात्र 40 व्या कलमाखाली आहे तिथेच आहे. आणि मॅन्सफिल्ड यांनी आत शिवलेली अट स्टीफन यांनी उसवून बाहेर काढली, 51 व्या कलमात तिला वेगळी जागा दिली: जिवंत माणसाचं मत जिथे सुसंगत, तिथे त्या मताची कारणंही सुसंगत. नव्या कायद्यात हे 45 वं कलम.

दिवाणी दाव्यांत आपल्याकडे ज्युरी नाही. जो न्यायाधीश ऐकतो तोच तोलतो, म्हणून दारावर अडवण्याची अमेरिकी निकड इथे भासली नाही. मत आत येतं आणि त्याला वजन किती द्यायचं हा प्रश्न उरतो. त्याचं माप आलं एडिंबरोहून. तिथे गटारासाठी सुरुंग लावले आणि एका घराला तडे गेले, असा दावा होता. सुरुंग लावणाऱ्यांच्या तज्ज्ञाला उत्तर देणारा दुसरा तज्ज्ञ नव्हता, तेव्हा त्याचं मत मान्य करण्यावाचून कोर्टाला गत्यंतर नाही, असा युक्तिवाद झाला. 1953 च्या निकालात लॉर्ड कूपर यांनी तो साफ फेटाळला. तज्ज्ञाने आपला निष्कर्ष तपासण्याची साधनं न्यायाधीशाच्या हाती द्यावीत; निर्णय न्यायाधीशाचा. हेच सूत्र 1999 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलमधल्या सफरचंदांच्या बागांच्या प्रकरणात उचललं. आज तज्ज्ञाची साक्ष सल्ल्यापुरती असते असं वकील म्हणतात तेव्हा तोंडी याच निकालाचं नाव असतं.

इजेच्या दाव्यांत आपला घोळ टक्क्यांचा आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे भाव छापलेले होते: अंगठा गेला तर 30 टक्के, पंजा गेला तर 60. पण टक्के हाडाचे मोजायचे की पोटाचे? डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान 100 टक्के. 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी डॉक्टर आणि न्यायाधिकरण यांच्यात हद्द आखली. पंजा गेला, हे अपंगत्व किती, डॉक्टरने सांगावं. सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई त्याने जवळजवळ सगळी बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते; हा हिशेब न्यायाधिकरणाचा. त्या दाव्यातच 45 टक्क्यांचा दाखला पायापुरता होता. कमाईचं नुकसान कोर्टाने त्याहून बरंच खाली धरलं. उपचार न करता सढळ हाताने तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांबाबतही या निकालात कडक इशारा आहे. आणि दुसरी बाजूही आहे: उपचार करणारे डॉक्टर दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायला तयार नसतात, म्हणून त्यांना नेमकी वेळ द्यावी, नाहीतर कमिशनर पाठवून साक्ष नोंदवून घ्यावी. ते आले नाहीत की विकत मिळणारा दाखला त्यांची जागा घेतो.

मोटार अपघात न्यायाधिकरणात येणारे अनेक दाखले आजही एका ओळीचे असतात: नाव, अवयव, टक्के, सही, शिक्का. कायद्याने मतासोबत कारण मागून दीडशे वर्षं झाली. सांधा किती अंशात वाकतो, पाय किती आखूड झाला, कुठल्या तक्त्यावरून टक्के काढले आणि ते अवयवाचे की सगळ्या शरीराचे, एवढं लिहायला डॉक्टरला दहा मिनिटं लागतात. ती ज्याने दिली नाहीत त्याला विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत फार छळतही नाही. टक्के कसे काढले, एवढंच विचारतो आणि बसतो. भरपाई कमी होते ती पाय मोडलेल्या माणसाची.